बर्फ थांबला तरी बटण बंद करू नका

इंदूरहून हिवाळ्यात लेकीकडे कॅनडाला निघालेल्या काका-काकूंसाठी. तिथे काही घरांत अंगणाच्या फरशीखाली तापणाऱ्या तारा असतात. त्यांचा कंट्रोलर नुसत्या थंडीने चालू होत नाही; पारा साधारण ३ अंशांखाली आणि सेन्सरवर ओल, दोन्ही जुळावं लागतं. सेन्सरची तबकडी स्वतः किंचित गरम असते. तिच्यावरचा भुरभुरीत बर्फ वितळला, की पाण्यातून बारीकशी वीज वाहते आणि तारा तापू लागतात. बर्फ थांबल्यावरही त्या काही तास चालू राहतात, फरशी कोरडी व्हावी म्हणून. आपल्याला इंदुरात गीझर लगेच बंद करायची सवय. तिथे तसं केलंत तर उरलेलं पाणी गोठून काचेसारखं गुळगुळीत होतं, आणि आपल्या वयात पडणं फार महाग. तबकडीवर ओलं पान चिकटलेलं दिसलं तर मात्र काढा.