ऑक्सिमीटर ९४ दाखवतोय, पण धाप लागलीये?

बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार सोडतो आणि त्यातला किती पलीकडे पोचला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. हो, अंदाजच. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्यही हा प्रकाश शोषतं, त्यामुळे सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. धोका नेमका इथेच आहे, कारण चूक दिलासा देणाऱ्या बाजूला होते. अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं.

म्हणून बरं असतानाच आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवा. नेहमी ९८ असेल आणि आज ९४ आला, तर ‘नव्वदच्या वर आहे ना’ म्हणून सोडून देऊ नका. नेलपॉलिश काढा, गार बोटं चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा, आकडा ठरला की मगच वाचा. धाप लागत असेल, छाती भरून येत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, डॉक्टरांकडे जा. खात्री धमनीतल्या रक्ताच्या तपासणीनेच होते. ओठांच्या निळेपणाची मात्र वाट पाहू नका, गडद त्वचेवर तोही पटकन दिसत नाही.