सायडरच्या शनिवारची तयारी

सफरचंदं शनिवारी पिळायची असतील, तर ती आदल्या शनिवारीच घरात यायला हवीत. आम्ही मॅसॅच्युसेट्समधली चार मराठी घरं मिळून दर ऑक्टोबरला सायडर करतो. अमेरिकेत सायडर म्हणजे ताजा, न गाळलेला, तपकिरी रस. दारू झाली की तो हार्ड सायडर.

बागेतून आणलेली फळं गॅरेजमध्ये कागदावर एका थरात पसरून ठेवा. आढीतल्या आंब्यांसारखंच हे: आतल्या स्टार्चची साखर व्हायला वेळ द्यायचा. अंगठ्याने दाबल्यावर किंचित खड्डा पडला की फळ तयार. त्याहून मऊ होऊ देऊ नका. एका वर्षी आमचं मॅकिन्टॉश जातीचं सफरचंद इतकं उतरलं होतं की त्याचा शिराच झाला. पिळायच्या फडक्याची भोकं बुजली आणि रस निघेना.

एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, 7 ते 9 किलो फळ धरा. एकाच जातीचा रस सपक लागतो. निम्मं गोड घ्या, कोर्टलंडसारखं. बाकी आंबट, म्हणजे नॉर्दर्न स्पाय किंवा ग्रॅनी स्मिथ. रॉक्सबरी रसेट मिळालं तर सोडू नका. खरखरीत सालीचं हे वाण इथल्याच रॉक्सबरीचं, 17व्या शतकापासूनचं, आणि त्याने रसाला जी खोली येते ती दुसऱ्या कशाने येत नाही.

निवडताना हात कडक ठेवा. झाडाखाली पडलेली फळं नकोत, कारण तिथे हरणं चरतात आणि त्यांच्या लेंड्या असतात. बुरशी लागलेलं फळही अख्खं टाका. त्यातलं पॅट्युलिन हे विष उकळूनही जात नाही. 1996 साली अमेरिकेत पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय हा जंतू पसरला आणि एक लहान बाळ दगावलं. आमच्याकडे दोन आज्या आणि पाच मुलं पिणारी असतात, म्हणून थर्मामीटर यादीत सगळ्यात वर. सगळा रस 71 अंश सेल्सियसपर्यंत तापवल्याशिवाय कुणाच्या हातात पेला द्यायचा नाही. चव थोडी बदलते, ती बदलू दे.

भाड्याचा ग्राइंडर आणि प्रेस, म्हणजे स्क्रूने दाबून रस पिळायचं यंत्र, शुक्रवारी संध्याकाळीच आणून तपासा. रस लागतो तिथे उघडं लोखंड नको. सफरचंदातल्या आंबट-तुरटपणाने रस काळा पडतो. फडकं जाळीदार नायलॉनचं घ्या, चक्क्याचं मलमल दाबाखाली फाटतं. झाकणाच्या बादल्या, मोठं पातेलं, गाळणी, धुतलेल्या बाटल्या, पाण्याचा पाइप हेही रात्रीच काढून ठेवा.

सकाळी लवकर सुरुवात करा, थंडीत गांधीलमाश्या सुस्त असतात. फळं धुवून चिरा, मग दळा. तुकडे वाटाण्यापेक्षा बारीक हवेत, पण चटणी नको. पिळताना घाई केली तर चोथा फडक्यातून उसळून बाहेर येतो. स्क्रूला एक वेढा द्या, थांबा, धार मंदावली की पुढचा वेढा. हे काम मुलांना आळीपाळीने द्या, त्यांना ते फार आवडतं.

फ्रीझरमध्ये जाणाऱ्या बाटल्या काठापासून दोन बोटं रिकाम्या ठेवा. चोथा कंपोस्टमध्ये जाऊ दे. आणि प्रेस त्याच संध्याकाळी धुवा. लाकडात वाळलेली साखर दुसऱ्या दिवशी घासूनही सुटत नाही.