पाहुण्यांना तलावाच्या पाळीवर नेताना

तिरोड्याकडून नागझिरा अभयारण्यात शिरायचं ते चोरखमारा गेटमधून. आत गेलं की जिप्सीतून खाली उतरता येत नाही. पायी फिरायचं ते बाहेर: गावचा तलाव, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बीटगार्डला, म्हणजे वनरक्षकाला विचारून जंगलाची कड. गेली नऊ वर्षं मी पाहुण्यांना तसं फिरवते. आता गावातली पोरंपोरी म्हणतात, ताई, आम्हालाही शिकव. हे त्यांच्यासाठी.

आदल्या संध्याकाळी वाट एकट्यानं चालून या. पाणी किती खाली गेलंय, गुरं कुठं बसली होती, कोणत्या बांधीत चिखल आहे, हे बघून ठेवा. काल संध्याकाळी कोरा असलेला चिखल सकाळी तुडवलेला दिसला, तर रात्री कोण येऊन गेलं ते तुम्हाला नीट सांगता येतं. सहापेक्षा जास्त माणसं नेऊ नका. मळखाऊ कपडे, बंद बूट, प्रत्येकाकडे पाणी. अत्तर लावू नका, हे आदल्या दिवशीच फोनवर सांगा.

वाघ दिसेल का, हे सगळे विचारतात. मी त्यांना आधी गावच्या गल्लीत कुत्र्याचा ठसा दाखवते. बोटांपुढे नखांच्या खुणा असतात. मग तलावाच्या काठी मांजरकुळातला एखादा ठसा सापडला, तर विचारते, यात काय नाही? रानमांजर असो, बिबट असो की वाघ, चालताना नखं आत ओढलेली असतात, म्हणून ती बहुधा उमटत नाहीत. तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. हे पाहुण्यांनी स्वतः ओळखलं की त्यांची नजर जमिनीवर येते आणि पाय आपोआप हळू पडतात. मला फेरीतून हवं असतं ते हेच.

पाळीवर पोचलात की दहा मिनिटं नुसते उभे राहा. काही सांगू नका. नवा गाइड इथंच घाबरतो, त्याला वाटतं पाहुण्यांचे पैसे वाया चालले. पण आपण आल्यावर दबलेले पक्षी तेवढ्या वेळात परत आपल्या कामाला लागतात. शिंगाड्याच्या पानांवरून कमळपक्षी चालू लागतो. त्याच्या लांब बोटांमुळे वजन पसरतं आणि पान बुडत नाही. अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो, हे सांगितलं की आलेल्या बायका हमखास हसतात. हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. त्यांच्याकडे सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा, मधे थांबा. माना वर झाल्या की तिथंच थबका.

सारसाबद्दल मात्र मी कडक आहे. महाराष्ट्रात हा पक्षी उरलाय तो मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला. माणसाएवढा उंच, आणि घरटं करतो पावसाळ्यात, धानाच्या उभ्या बांधीत. अंडी बहुधा दोनच, महिनाभर नर-मादी आळीपाळीनं बसतात. तिसऱ्या वर्षी मी चौदा जणांना एकदम नेलं होतं. एक पाहुणा फोटोसाठी धुरा, म्हणजे शेताचा बांध सोडून बांधीत उतरला. जोडी उठून गेली ती तासभर परतली नाही, आणि वर कावळे फिरत होते. चूक माझी होती, मी नाही म्हणायला हवं होतं. तेव्हापासून घरट्यापासून दोनशे पावलं दूर थांबते आणि दुर्बीण हातोहात फिरवते. लांबूनही ऐकायला पुष्कळ मिळतं: जोडी एकत्र ओरडते तेव्हा नराची एक लांब हाक आणि तिच्यासोबत मादीच्या दोन-तीन छोट्या हाका. डोळे मिटून मोजायला सांगा. फोटो टाकताना गावाचं नाव आणि फोनमधलं ठिकाण दोन्ही काढून टाका, हेही सांगा.

जंगलाच्या कडेला गेलात की ऐनाचं झाड आधी दाखवा. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. त्याच्या फांदीला लटकलेला कडक, राखाडी कोसा, म्हणजे रेशीमकिड्याचा कोश दिसला तर पाहुणे खूश होतात, कारण रेशीम त्यांनी साडीतच पाहिलेलं असतं.

मार्च-एप्रिलात मोहाखाली जाणार असाल तर इतके दिवस शिकवलेली शांतता विसरा. पहाटे अस्वल फुलं खायला येतं. त्याला दिसतं कमी, ऐकूही कमी येतं, आणि खाण्यात गुंतलं की माणूस अगदी जवळ येईतो कळत नाही. मग ते दचकून अंगावर धावतं. माझी माय फुलं वेचायला जाताना लांबूनच बोलत, डबा वाजवत जायची. मीही तेच करते, आणि ऊन पडल्याशिवाय पाहुण्यांना तिकडे नेत नाही. वानरानं खाली टाकलेली पानं खायला चितळ जमलेले दिसतील. वानर झाडावरून खॅक-खॅक करून ओरडू लागलं आणि चितळही एकाच दिशेला बघत ओरडू लागले, तर जवळ वाघ-बिबट असू शकतो, पुढे जाऊ नका. सगळ्यांना जवळ घ्या, मोबाईल खिशात ठेवायला सांगा आणि आल्या वाटेनं परत फिरा.

पावसाळ्यात धुऱ्यावर घोणस असते. पुढे तुम्ही, हातात काठी. कुणाला चावलीच तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

ज्याच्या बांधीत सारसाचं घरटं आहे, त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या धुऱ्यावर पाय ठेवू नका. घरट्याभोवतीचं धान तुडवलं जातं, तरी तो ते सांभाळतो. फेरीच्या पैशातला वाटा त्याला त्याच दिवशी द्या. चहाही त्याच्याच पडवीत ठेवा आणि पाहुण्यांना घरट्याची हकीकत त्यालाच सांगू द्या.