तारेचं टोक गालात रुतलं तेव्हा

पोरीच्या दातांना अमरावतीला तारा बसवल्या. वरूडहून दरवेळी जाणं होत नाही, बारीकसारीक घरीच निभावतो.

मागच्या दाढेजवळ तारेचं टोक गालात रुतू लागलं, जेवण बंद. हात धुऊन, तिला उजेडात बसवून, पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबरानं टोक हलकेच दाताकडं वळवलं. मग ती जागा कापसानं कोरडी केली (ओल्यावर मेण टिकतच नाही) अन् डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची छोटी गोळी मळून दाबली. गालाच्या जखमेला ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या.

तार आवळली की दोन-चार दिवस दात ठणकतातच. तेव्हा ज्वारीच्या कण्या नाहीतर वरणभात. फुटाणे, ऊस बंद, त्यावरून रोज भांडण! ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) सुटलं तर घरी चिकटवत नाही, डॉक्टरांनाच फोन लावतो.