हृदयाची औषधे घेताना आणि लिहून देताना या चुका टाळा

अँजिओप्लास्टी होऊन चार-सहा महिने झाले, जिना चढताना दम लागेनासा झाला, की 'आता बरे वाटते, मग गोळ्या कशाला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. नाशिकमध्ये रुग्ण तपासताना मला सर्वाधिक काळजी वाटते ती याच टप्प्याची. स्टेंट म्हणजे अँजिओप्लास्टीत धमनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. तिच्यावर धमनीचे स्वतःचे अस्तर चढेपर्यंत तेथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर दिले जाते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ही जोडी सहसा वर्षभर चालते आणि पुढे बहुतेकांना त्यांतील एक औषध कायम घ्यावे लागते. दाढ काढायची म्हणून या गोळ्या परस्पर बंद करणे ही फार महागात पडणारी चूक आहे. दाढेचे रक्त कापसाचा बोळा घट्ट दाबून बहुधा थांबवता येते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मात्र हाताशी फार थोडा वेळ उरतो. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून निर्णय घ्यावा, आणि ते बोलणे घडवून आणण्याचा आग्रह कुटुंबाने जरूर धरावा.

द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार भल्या पहाटे मळ्यात जातात आणि सकाळची गोळी घरीच राहते. मेटोप्रोलॉलसारखे नाडी मंद ठेवणारे औषध अचानक थांबले तर नाडी वाढते आणि छातीतले दुखणे उफाळू शकते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घ्यावी. राहिलेली गोळी आठवताच घ्यावी, मात्र पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली गोळी सोडून द्यावी. दोन्ही एकदम घेऊ नयेत.

रुग्णाने औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली की पुष्कळ गोष्टी उघड होतात. एका पाकिटावर एका कंपनीचे नाव, दुसऱ्यावर दुसऱ्या कंपनीचे, आणि मागची बारीक अक्षरे वाचली तर दोन्हींत रक्तदाबाचे टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅमच. एक मुंबईच्या डिस्चार्ज कार्डावरून आणलेले, दुसरे गावातल्या मेडिकलमधून; रुग्ण मनोभावे दोन्ही घेत असतो आणि उठून उभे राहताना चक्कर का येते, हे कोणालाच उमगत नाही. सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की औषधाचे मूळ नाव, ते कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायचे, या तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत लिहाव्यात आणि कोणते जुने औषध बंद केले, तेही स्पष्ट नोंदवावे. या शेवटच्या नोंदीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण घरातली जुनी पाकिटे कोणी टाकून देत नाही.

गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये. या गोळ्यांमुळे अंगात पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आयबुप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामातही आड येऊ शकते. हृदय कमजोर असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा पायांवर सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधेही रक्तातले पोटॅशियम वाढवू शकतात, त्यामुळे ती चालू असताना ते मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला म्हणून स्टॅटिन बंद करू नये. तो चांगला येतो तो बहुतांशी त्या गोळीमुळेच.

राहिली छातीत दुखू लागल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी. ती उभ्याने घेऊ नये, कारण रक्तदाब एकदम उतरून रुग्ण कोसळू शकतो. डॉक्टरांनी रुग्णाला ती लिहून दिलेली असेल तरच खाली बसून जिभेखाली ठेवावी. शेजाऱ्याची उसनी आणू नये. लैंगिक क्षमतेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तासांत आणि टॅडालाफिल घेतल्यापासून 48 तासांत सॉर्बिट्रेट मुळीच घेऊ नये. पुरुष रुग्ण हे संकोचाने सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी स्वतःहून विचारावे. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर 108 ला फोन करावा, रुग्णाला गाडी चालवू देऊ नये आणि औषधांची पिशवी सोबत घ्यावी.