खर्ऱ्याच्या पन्न्या न वाकता उचला

ग्रामसफाईत खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, प्लास्टिक पन्न्या वेचताना म्हाताऱ्या माणसांची कंबर वाकण्यातच जाते. त्यांना टोचणीची काठी करून द्या.

१. छातीएवढा बांबू घ्या, टोकाशी गाठ ठेवून कापा. तुराटी नको, मोडते.
२. तीन इंची खिळ्याचं डोकं कापा. गाठीत आधी बारीक भोक पाडा, नाहीतर बांबू चिरतो. कापलेली बाजू आत ठोका, टोक इंचभर बाहेर ठेवा, वरून तार आवळा.
३. टोचलेली पन्नी पोत्याच्या काठावर घासली की सुटते. पोतं मात्र तरण्या पोरानं धरावं.

काम थांबलं की टोकाला जुन्या चपलेचा तुकडा खोचा. फुटक्या बाटल्या, सुया त्यांना उचलू देऊ नका. उन्हाळ्यात आठच्या आत आटपा.