पर्वतीवरून सिंहगड: धुरकट फोटोंवर उपाय (माझा अनुभव)

पुण्यातल्या पर्वती-तळजईच्या टेकड्यांवरून ऑक्टोबरातल्या संध्याकाळी सिंहगड टिपला की फोटो हटकून धुरकट येतो. दोष लेन्सचा नसतो. गड नैऋत्येला आणि सूर्य मावळतो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला. ऊन उजव्या अंगाने समोरून येतं आणि मधल्या पंधरा-सतरा किलोमीटर हवेतली धूळ उजळून निघते.

हेच ऊन लेन्सच्या काचेवर पडूनही फोटो फिका होतो. म्हणून आधी यूव्ही फिल्टर (लेन्सपुढची जादा काच) काढा, हूड (लेन्सवर सावली धरणारी कड) लावा. तेवढ्यानं भागलं नाही तर उजवीकडून टोपी अशी धरा, की काचेवर सावली पडेल पण ती चौकटीत शिरणार नाही. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. परतीच्या पावसाची सर येऊन गेलेली संध्याकाळ तर अजिबात सोडू नका.

ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हातातली थरथर सावरणारी सोय) बंद. रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, आयएसओ (संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, लेन्स 135 ते 200 मिमी. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप जुळवणारी सोय) संध्याकाळची तांबूस छटा घालवतो, म्हणून तो 5500 केल्विनवर ठेवा. आकाश पांढरं पडत असेल तर एक्स्पोजरमध्ये 2-2 स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो घेऊन त्यांचा एकच फोटो करा.

फोकस लाइव्ह व्ह्यू मोठा करून गडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावर, हाताने. मनोरा लहरताना दिसला तर ती शहरावरची तापलेली हवा. शटरचा वेग वाढवून उपयोग नाही. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग टिपा.